ठशांत न सापडणारा कल

बोटांचे ठसे द्या आणि मुलाचा कल जाणून घ्या, ही जाहिरात आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचली आहे. डीएमआयटी असं भारदस्त नाव असलेल्या या चाचणीत दहाही बोटांचे ठसे स्कॅन करतात आणि काही हजार रुपये घेऊन रंगीत आलेखांचा जाडजूड अहवाल हातात ठेवतात. मूल बघून शिकणारं की ऐकून, त्याने डॉक्टर व्हावं की चित्रकार, सगळं त्यात लिहिलेलं असतं. या चाचणीला वैज्ञानिक आधार नाही, असं भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने स्पष्ट सांगितलं आहे. तरी धंदा चालतो, कारण त्यामागचा पालकांचा प्रश्न खरा आहे. पन्नास जणांच्या वर्गात आपलं लेकरू नेमकं कशात रमतं, हे कुणी सांगत नाही. प्रगतिपत्रकात गणिताचे आणि इंग्रजीचे गुण कळतात, त्यापलीकडे काही कळत नाही.

राज्य मंडळानेही या प्रश्नाला हात घातला होता. २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली गेली. ललित कला, वाणिज्य, कृषी, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कुठे आहे, ते त्यातून सांगायचं होतं. हेतू चांगला होता. पण गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी किंवा सालेकशाच्या एखाद्या मुलाने गणवेशधारी सेवेकडे कल दाखवला, तर तो खरंच त्याचा कल म्हणायचा, की पोलीस भरती सोडून दुसरी वाटच त्याला कधी दिसली नाही म्हणायची? जे पाहिलंच नाही त्याची आवड कशी लागणार? प्रश्नपत्रिकेतून कल काढण्यातली खरी अडचण ही आहे.

अनस्कूलिंग नावाचा विचार हाच प्रश्न दुसऱ्या टोकाकडून सोडवू पाहतो. जॉन होल्ट (१९२३–१९८५) हा अमेरिकेतला शिक्षक. तो पाचवीच्या वर्गात मागे बसून मुलांकडे बघत राहायचा आणि दिसलं ते लिहून ठेवायचा. त्याला दिसलं ते असं की हुशार समजली जाणारी मुलंसुद्धा गणित सोडवत नसतात. ती बाईंच्या चेहऱ्याकडे बघून उत्तराचा अंदाज बांधत असतात. अर्धं उत्तर पुटपुटायचं, बाईंची भुवई वर गेली की दुसरं टोक पकडायचं. या निरीक्षणांचं त्याचं पुस्तक १९६४ साली आलं आणि गाजलं. सुरुवातीला शाळा सुधारता येतील असं त्याला वाटत होतं. पुढे त्याने तो नाद सोडला आणि १९७७ मध्ये मुलांना घरीच वाढवणाऱ्या पालकांसाठी एक नियतकालिक सुरू केलं. अनस्कूलिंग हा शब्दही त्याचाच.

होमस्कूलिंग आणि अनस्कूलिंग यांची आपल्याकडे नेहमी गल्लत होते. होमस्कूलिंगमध्ये शाळा घरी येते. तीच पुस्तकं, तेच वेळापत्रक, फक्त बाईंच्या जागी आई. अनस्कूलिंगमध्ये अभ्यासक्रमच नसतो. मूल ज्याच्या मागे लागेल ते शिकायचं आणि मोठ्यांनी त्यासाठी साधनं, माणसं आणि वेळ पुरवायची. शाळाबाह्य मूल ही मात्र पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. बापाबरोबर वीटभट्टीवर गेलेली किंवा तेंदूपत्त्याच्या हंगामात आईमागे रानात फिरणारी मुलगी शाळेत नसते, म्हणून तिचं अनस्कूलिंग चाललं आहे असं कुणी म्हणू नये. तिला निवड नसते आणि वेळही नसतो. शहरातल्या चर्चांमध्ये हा फरक हटकून निसटतो, म्हणून आधीच सांगून टाकला.

आता शिकण्याच्या शैलीबद्दल. कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, कुणी वाचून-लिहून, कुणी हातांनी करून, हा समज आता शिक्षक प्रशिक्षणापासून पालक मेळाव्यापर्यंत सगळीकडे आहे. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंगने १९९० च्या दशकात अशी चार गटांची प्रश्नावली लोकप्रिय केली. ऐकायला पटण्यासारखं आहे. पण २००८ मध्ये हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकारी मानसशास्त्रज्ञांनी तोवरच्या अभ्यासांची कसून तपासणी केली. त्यांचा निकष सोपा होता. ‘बघून शिकणाऱ्या’ मुलांना बघून आणि ‘ऐकून शिकणाऱ्यांना’ ऐकून शिकवलं, तर दोघांनाही जास्त यायला हवं आणि उलटं केलं तर कमी. असा परिणाम नीट दाखवणारा पुरावा त्यांना जवळपास मिळालाच नाही. मुलांना आवडीनिवडी असतात हे खरं. पण आवडीच्या माध्यमातून दिलं म्हणून ते जास्त डोक्यात शिरतं, असं काही दिसत नाही.

हॉवर्ड गार्डनर यांचा बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांत (१९८३) याच गाठोड्यात बांधला जातो. भाषिक, तार्किक, सांगीतिक, शारीरिक अशा सात बुद्धिमत्ता त्यांनी मांडल्या आणि पुढे निसर्ग ओळखण्याची आठवी जोडली. या सिद्धांतावर मानसशास्त्रात मतभेद आहेतच. पण आपला सिद्धांत म्हणजे शिकण्याच्या शैली नव्हेत, असं खुद्द गार्डनरच सांगत आले आहेत. ठसे घेऊन अहवाल देणाऱ्यांपर्यंत ते पोचलेलं दिसत नाही.

कोणती गोष्ट कशी शिकायची हे बहुतेक वेळा ती गोष्टच ठरवते. यासाठी गोंदियाच्या धानाच्या बांधीइतका चांगला वर्ग नाही. जुलैत रोवणी लागली की घरातली आठ-दहा वर्षांची पोरं बांधीत उतरतातच, आधी चिखलात खेळायला आणि मग हळूहळू हाताशी. पऱ्ह्यांची पेंडी डाव्या हातात धरायची. उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटांनी दोन-तीन काड्या सोडवून चिखलात दाबायच्या आणि मागे सरकत जायचं. शेजारची बाई हात न थांबवता एवढंच म्हणते, “वरवर लावलं त तरंगते, खोल लावलं त फुटत नाही.” खोल गेलेल्या रोपाला फुटवे कमी येतात, हे तिला बांधीनेच शिकवलेलं असतं. पोरगं तिचे हात बघतं, तिचं ऐकतं, बोटांना चिखल किती घट्ट लागतो ते चाचपतं आणि उद्या सकाळी आपल्या ओळीतली किती रोपं पाण्यावर आली ते मोजतं. आता हे मूल बघून शिकलं, ऐकून शिकलं की करून? रोवणी या तिन्हींशिवाय येतच नाही. नकाशा बघूनच कळतो, गाणं ऐकूनच कळतं आणि भागाकार कागदावर चार वेळा चुकल्याशिवाय येत नाही, मग मूल कोणत्याही गटातलं असो.

मग मुलामुलांत फरक नसतो का? असतो, आणि चांगलाच असतो. आधी काय ठाऊक आहे, कोणत्या भाषेत ठाऊक आहे, किती वेगाने झेपतं, कशासाठी चिकाटी धरवते, हे फरक खरे असतात आणि शिकवताना तेच उपयोगी पडतात. गोंदिया जिल्ह्यात यातला भाषेचा फरक फार मोठा आहे. एकाच वर्गात घरी झाडीबोली बोलणारं, पोवारी बोलणारं, गोंडी बोलणारं आणि गोंदिया शहरात हिंदीतच वाढलेलं मूल बसलेलं असू शकतं. पहिलीच्या पुस्तकातली मराठी यांतल्या कुणाच्याच घरची नसते. गप्प बसलेल्या गोंडी मुलीची पाटी कोरी दिसते आणि तिच्या नावापुढे ‘मंद’ असा शेरा पडतो. तिचा कल ओळखायची वेळ तर पुढेच राहते. आधी तिचं बोलणं कुणाला तरी कळावं लागतं.

याउलट वाचता येत नाही म्हणून ‘हा हातांनी शिकणारा आहे’ असा समज करून सोडून दिलेलं मूलही धोक्यात असतं. त्याला डिस्लेक्सिया असू शकतो. त्यावर वेळेत उपचारात्मक शिकवणी मिळाली तर फार फरक पडतो. तिथे निरीक्षणाच्या वहीवर थांबू नये, तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. अनस्कूलिंगच्या पुस्तकांत हा धोका फारसा रंगवून सांगितलेला नसतो.

गोंदियात कुणी अनस्कूलिंगची पाटी लावलेली नाही. पण शाळेबाहेरचं ज्ञान किती खोल असू शकतं, हे बघायला या जिल्ह्यासारखी जागा नाही. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदलेलं आहे. भोवतालच्या सात टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात. डोंगरांमधल्या फटी हेरून पाळ कुठे घालायची, जादा पाणी कुठून काढून द्यायचं, कोणत्या बांधीला किती दिवस पुरेल, हे गणित कोहळी समाजाच्या पिढ्यांनी काम करत-करत शिकलं. भंडारा-गोंदियातले हजारो मालगुजारी तलाव याच शिक्षणातून झाले आहेत.

त्याच नवेगावला पुढे मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून आले. वनखात्याचं रीतसर प्रशिक्षण कोइम्बतूरला घेतलेला हा माणूस. पण पक्षी, मासे, झाडं यांची खरी ओळख त्यांनी तिथल्या माणसांकडून करून घेतली. माधवराव पाटील डोंगरवार हे त्यांतलं मोठं नाव. कोणता पक्षी कधी येतो, घरटं कुठे करतो, कोणत्या माशाचा हंगाम कोणता, हे माधवरावांना ठाऊक असायचं आणि त्यांचं ऋण चितमपल्लींनी मोकळेपणाने मान्य केलं. ‘नवेगावबांधचे दिवस’ या पुस्तकातून ते जग मराठी वाचकांपर्यंत पोचलं. २००६ च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले आणि २०२५ मध्ये पद्मश्री मिळालेले चितमपल्ली शेवटपर्यंत आदिवासी, पारधी, मासेमार यांच्याकडून शिकलेलं सांगत राहिले. माधवरावांसारखा माणूस आज दहावीच्या कल चाचणीला बसला असता, तर अहवालात काय आलं असतं कोण जाणे.

मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. तलावांत कतला-रोहूचं बीज सोडायची योजना आली आणि बेशरमाच्या झुडपांनी काठ भरले, तेव्हा मरळ, शिंगूर, वाघूर, बोटरी हे स्थानिक मासे कमी होत गेले. मनीष राजनकर आणि त्यांच्या संस्थेने मच्छीमारांबरोबर बसून जुन्या माणसांना काय ठाऊक आहे ते गोळा केलं. कोणता मासा कोणत्या पाणवनस्पतीत अंडी घालतो, कोण तळाशी राहतो, कोण काठाला येतो. मग बेशरम उपटून तलावात त्या वनस्पती पुन्हा लावल्या आणि मासे परतू लागले. हे ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हतं. जाळं टाकणाऱ्या माणसाच्या शेजारी लहानपणापासून बसल्याने ते आलेलं होतं. अशा घरातलं मूल विज्ञानाच्या तासाला ‘परिसंस्था’ या धड्यात नापास होऊ शकतं, आणि होतंही. तलावाकाठी जाऊन तोच धडा त्याच्याकडून ऐकायचं कुणाला सुचत नाही.

झाडीपट्टीचं नाटकही असंच. धान निघालं, दिवाळी झाली की मंडया भरतात आणि होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. या रंगभूमीवरचे बहुतेक नट, गायक, तबलजी नाट्यशाळेत गेलेले नाहीत. दंडारीत नाचत, कुणाच्या मागे पेटी धरत, आयत्या वेळी आजारी पडलेल्या नटाची भूमिका निभावत ते तयार झाले. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीसाठी. मंडईच्या रात्री पडद्यामागे जाऊन बघा. दहा-बारा वर्षांची पोरं कुणी वायरी ओढतंय, कुणी नटाची नक्कल करतंय, कुणी कोपऱ्यात बसून तिकिटांचा हिशेब ऐकतंय. एकाच मांडवात तीन मुलांचे तीन कल दिसतात, आणि त्यांना कुणी प्रश्नावली दिलेली नसते.

मुलांकडे असं बघण्याची परंपरा मराठी शिक्षणात नवी नाही. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी १९४५ पासून बोर्डीला काम सुरू केलं. तेव्हा आदिवासी मुलं बालवाडीत येईनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. मोठी मुलं गुरं चारायला जात होती, तर शिक्षक कुरणात गेले आणि कुरणशाळा उभी राहिली. गुरं चरतात तोवर झाडाखाली बिया, खडे, पानं घेऊन शिकायचं. ताराबाईंनी शाळा मोडीत काढली नाही, मुलाच्या दिनक्रमाप्रमाणे ती वाकवली. मला हा मार्ग होल्टच्या मार्गापेक्षा आपल्याकडे जास्त लागू वाटतो. ज्या समाजांना शतकानुशतकं शाळेच्या दारातून परत पाठवलं, त्यांच्या मुलांना आता ‘शाळेची गरजच काय’ असं सांगणं बेजबाबदारपणाचं आहे. सहाव्या मैलावरच्या शाळेत पायी जाणाऱ्या मुलीसाठी शाळा म्हणजे पुस्तकं, दुपारचं जेवण आणि लग्न दोन-चार वर्षं पुढे ढकलण्याची सोय असते.

अनस्कूलिंगने मुलांचं पुढे काय होतं, याचा पुरावा थोडा आणि संमिश्र आहे. बोस्टन कॉलेजचे मानसशास्त्रज्ञ पीटर ग्रे यांनी जीना रायली यांच्यासह अशा पद्धतीने वाढलेल्या ७५ प्रौढांची पाहणी केली. त्यांतले बहुतेक पुढे कुठल्या ना कुठल्या उच्च शिक्षणात गेले होते आणि आपल्या वाढण्याबद्दल समाधानी होते. पण ही माणसं आपणहून पाहणीत आली होती. ज्यांचं बिनसलं ती कशाला येतील? कॅनडातल्या २०११ च्या एका छोट्या अभ्यासात घरी आखून शिकवलेली लहान मुलं शाळेतल्या मुलांपेक्षा पुढे दिसली. काहीही न आखता सोडलेली मुलं मात्र मागे पडलेली दिसली. त्या गटात मुलं मोजकीच होती, म्हणून त्यावरही फार मोठा निष्कर्ष काढू नये.

महाराष्ट्रातलं गाजलेलं उदाहरण मुंबईच्या मालविका जोशीचं. सातवीत असताना आईने तिला शाळेतून काढलं. बारावीचं प्रमाणपत्र नव्हतं म्हणून आयआयटीचं दार बंद होतं. पण आंतरराष्ट्रीय प्रोग्रामिंग ऑलिम्पियाडमध्ये तीन पदकं मिळवून ती २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. या बातमीतली एक गोष्ट सहज निसटते. तिला ‘मोकळं सोडलं’ नव्हतं. तिने अनेक विषय चाखून पाहिले, प्रोग्रामिंग हा त्यांतला एक होता आणि तो तिने धरून ठेवला. आईने नोकरी सोडून पूर्ण वेळ दिला होता. समोर खूप गोष्टी मांडणं, मूल कुठे थांबतं ते बघणं आणि थांबलं की त्याला त्या विषयातला खरा जाणकार मिळवून देणं, ही त्यातली मेहनत. बांधीत उतरलेल्या आईबापांना ती एकट्याने करता येणार नाही. गावातला शिक्षक, वाचनालय, भजनी मंडळ, तलावाची सोसायटी यांनी मिळून ती करता येईल.

कल दिसतो कसा, याची काही ठोकताळ्यासारखी लक्षणं मात्र आहेत. आवडतं का असं विचारलं की मूल हो म्हणतं. त्याला अर्थ नाही. कुणी न सांगता, बक्षीस नसताना ते पुन्हा कशाकडे वळतं ते बघा. चूक झाल्यावर कुठे ते चिडून उठून जातं आणि कुठे स्वतःच दुरुस्त करत बसतं? सायकलची चेन चार वेळा पडली तरी पाचव्यांदा चढवणारा मुलगा निबंधाच्या दुसऱ्या ओळीला वही मिटतो, तेव्हा त्याने बरंच काही सांगितलेलं असतं. त्याचे प्रश्नही बघा. ‘हे किती मोठं आहे’ विचारणारं मूल आणि ‘हे असं का वाकलं’ विचारणारं मूल निराळं. कोणत्या मोठ्या माणसाच्या मागे-मागे फिरतं, सुताराच्या, कंपाउंडरच्या की कीर्तनकाराच्या, हेही खूण सांगतं. आणि हे सगळं बदलू शकतं, हे मनात असू द्या. नवव्या वर्षीचा पतंगवेडा बाराव्या वर्षी पतंग विसरतो. वारा कसा वाहतो हे कुतूहल मात्र कधीकधी राहतं.

बघण्यासाठी खरी कामं लागतात. गोंदियात दर उन्हाळ्याच्या अखेरीला सारस पक्ष्यांची गणना होते. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः याच जिल्ह्यात उरले आहेत, आणि ‘सेवा’ संस्था, वनविभाग आणि सारसमित्र शेतकरी पहाटेपासून बांध्या आणि नदीकाठ पालथे घालतात. अशा सकाळी मुलाला बरोबर न्या. एकाला पक्षी दिसतील, एकाला दुर्बीण कशी चालते हे दिसेल, एक आकडे लिहून ठेवेल, आणि एकाला फक्त घरी जायचं असेल. तेही लिहून ठेवा.

ज्यांना शाळेतून नाव काढायचंच आहे, त्यांनी व्यवहार नीट बघावा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य ठरवलं आहे. घरी शिकवण्याला स्पष्ट परवानगी नाही, तसा दंडही नाही. परत फिरायची वाट त्याच कायद्यात आहे, कारण १४ वर्षांपर्यंत मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. दहावी-बारावीसाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी १४ वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते. महाराष्ट्राच्या मुक्त विद्यालय मंडळात पाचवी आणि आठवीच्या परीक्षाही आहेत. नाव काढण्याआधी मात्र एक वर्ष शाळा चालू ठेवून घरी एक साधी वही ठेवा. मूल आपणहून कशाकडे वळलं ते त्यात आठवड्याला दोन ओळी लिहा, आणि वर्षाच्या शेवटी ती वही वर्गशिक्षकांना वाचायला द्या. ठशांच्या अहवालाचे पैसे वाचतील.